ढगूच्या केसांचा कंगवा

मित्रांनो, जुना कंगवा कुणी जपून ठेवत नाही. दात पडले की त्याची रवानगी कचऱ्यात होते आणि दुकानातून दुसरा येतो. माझे तर मधलेच दात गेले आहेत. पाठीला बारीक भेग पडली आहे आणि एका टोकाचे लाकूड ओलीने काळे झाले आहे. तरीही मी आज एका घरात आरशाशेजारी दिमाखात ठेवलेला आहे. असे का, ते तुम्हाला सांगावेसे वाटते. गोष्ट माझी आहे, पण तिच्यात दुखले ते दुसऱ्यांना.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, तर रस्त्याकडेला उघडणारी एक खोली, एक बाकडे आणि भुशाचा ढीग. शिसवी लाकडाच्या फळीतून कारागिराने मला कापून काढले आणि करवतीने माझे दात पाडले. दोन दातांमधून बोट सहज जावे, इतकी जागा त्याने ठेवली. मग एकेका दाताचे टोक कानशीने गोल केले आणि पॉलिश पेपरने घासले. शेवटी तो मला स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर ओढून बघे. जरा ओरखडा उठला की मी पुन्हा कानशीखाली. दुकानात येणारी गिऱ्हाइके मला उचलत आणि हसून परत ठेवत. हा कंगवा माणसाचा आहे की घोड्याचा, असे एकाने विचारलेही होते. कारागीर रागावला नाही. ज्याला लागेल तो शोधत येईल, एवढेच म्हणाला.

आणि शोधत आली ती आत्या. अर्थात ती कुणाची आत्या, हे मला नंतर कळले. तिचे स्वतःचे केस दाट, कुरळे, स्प्रिंगसारखे गुंडाळलेले होते. तिने माझ्या दातांच्या टोकांवरून अंगठा फिरवला, घासाघीस केली नाही आणि मला पिशवीत टाकले.

आत्या पुस्तकबांधणीच्या कामाला जायची. भाऊ, वहिनी आणि छोटी भाची यांच्याबरोबर ती राहत होती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, मध्ये अरुंद बोळ होता. त्या बोळात बेसिन होते, वर आरसा होता आणि आरशाच्या बाजूला हातभर रुंदीची खिडकी होती. माझे सगळे आयुष्य त्या आरशाच्या अवतीभोवती गेले.

भाचीचे शाळेतले नाव काही वेगळेच होते, पण घरात तिला सगळे ढगू म्हणत. केस मोकळे सोडले की डोक्यावर पावसाळी ढग उतरल्यासारखे दिसत, म्हणून ढगू. हे केस बाबांकडून आलेले. बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक होते आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र तुळतुळीत टक्कल होते. "आमच्या घराण्याची ही देणगी आहे, मी माझी तेवढी परत करून टाकली," असे ते म्हणायचे. मग ढगू त्यांच्या टकलावर टपली मारून पळायची.

सुट्टीच्या दिवशी आत्या ढगूला बेसिनसमोर स्टुलावर बसवायची. घाई म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हते. आधी केस बाजूला सारून ती डोके नीट बघायची. कुठे लाल झाले आहे का, कुठे पांढरा कोंडा धरला आहे का, कुठे खाजते आहे का, असे विचारायची. "केसांचं नंतर बघू गं, आधी डोकं कसं आहे ते बघू दे," हे तिचे ठरलेले वाक्य. मग बोटांच्या पेरांनी ती मुळाशी फेस चोळायची, नखे लागू द्यायची नाही. पाण्याने सगळा फेस निघेपर्यंत धुवायची. जुन्या सुती कपड्याने केस दाबून टिपायची. त्यानंतर माझी पाळी यायची. ओल्या केसांचे ती चार भाग करायची आणि एकेक भाग हातात धरून मला आधी टोकांशी चालवायची. टोकांचा गुंता सुटला की थोडे वर, मग आणखी थोडे वर. मुळापर्यंत पोहोचेपर्यंत ढगूची अर्धी झोप झालेली असायची. केस मुळाशी पूर्ण वाळल्याशिवाय ती बांधत नसे, आणि बांधले तरी सैलच. शेवटी मला साबणाने धुऊन खिडकीत उन्हाला ठेवले जाई. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस.

ढगूची आई हे सारे दारात उभी राहून बघायची आणि कौतुकाने हसायची. तिचे केस सरळ, पातळ, एका झटक्यात विंचरून होणारे. एका डोक्यासाठी एवढी उस्तवार तिला नवलाची वाटे. ती कपड्यांना इस्त्री करायच्या दुकानात कामाला होती, आणि तिच्या हातची इस्त्री म्हणजे इस्त्री. तिने ठेवलेल्या घडीवरून हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखा वाटे. सुरकुती दिसली की तिचा हात शिवशिवायचा.

पुढे आत्याला दुसऱ्या शहरात काम मिळाले. निघताना तिने मला वहिनीच्या हातात दिले. हाच वापरा, दुसरा नको, असे ती सांगत होती, पण खाली रिक्षा उभी होती, सामान बांधायचे होते आणि ढगू तिच्या गळ्यात पडून रडत होती. बोलणे अर्धवटच राहिले.

सुरुवातीला आईने प्रयत्न केला. पण तिला सकाळी दुकान गाठायचे असे, डबे भरायचे असत, आणि मी तर सावकाशीचा गडी. ती कोरड्या केसांतून मला थेट मुळापासून खाली ओढायची. गुंता आवळला जायचा, ढगू ओरडायची, आणि आई कासावीस व्हायची.

त्याच सुमाराला ढगू एक दिवस शाळेतून रडत आली. वर्गातली मुले तिला झुडूप म्हणाली होती. बाईंनीही सगळ्यांसमोर सांगितले होते, की उद्यापासून केस नीट बांधून ये. आईने तिला पोटाशी धरले. मी आरशापाशी होतो, म्हणून तिचा चेहरा मला दिसला. आपल्या लेकीला कुणी हसलेले तिला सहन होणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी घरात बारीक दातांचा प्लॅस्टिकचा कंगवा आला आणि तेलाची मोठी बाटली आली.

त्या दिवसापासून रोज सकाळी ढगूच्या डोक्याला इस्त्री होऊ लागली. आई केस पाण्याने भिजवायची, वर तेल थापायची आणि कपाळापासून खेचून खेचून घट्ट वेण्या घालायची. एकही बट बाहेर दिसता कामा नये. भुवया वर ओढल्या जात, इतके ते केस ताणलेले असत.

"आई, दुखतंय," ढगू म्हणायची.

"जरा सहन कर. होईल सवय."

आणि खरेच, सवय झाली. ढगूने म्हणायचे सोडून दिले. शाळेत तिला टापटिपीचा बिल्ला मिळाला. आईने तो दुकानात नेऊन सगळ्यांना दाखवला. त्या पोरीला आता कुणी झुडूप म्हणत नव्हते, हे मात्र खरे.

मी काय करत होतो, असे विचाराल. बोळातली ती खिडकी वाऱ्याने आपटायची. एकदा आईच्या हाताशी मी आलो आणि तिने मला चौकटीच्या फटीत घट्ट खोचून दिले. पाचर म्हणून मी अगदी नेमका बसलो. तिथे पाऊस लागायचा, बेसिनचे शिंतोडे उडायचे. लाकूड फुगले, दातांमध्ये शेवाळ धरू लागले. पण त्याचे मला फार वाटले नाही. मला वाईट वाटायचे ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्या फटीतून आरशापुढची जागा दिसायची, आणि मला रोज सगळे बघावे लागायचे.

ढगूच्या ओल्या वेण्या संध्याकाळपर्यंत आतून वाळत नसत. रात्री ती त्या एकटीच सोडायची, तेव्हा कुबट वास यायचा. भांगाच्या रेषेवर कोंडा दिसू लागला. कोरडेपणाने होत असेल, असे समजून आईने तेल वाढवले. तेलाने कोंडा चिकटून त्याच्या पिवळट खपल्या झाल्या आणि खाज आणखी वाढली. ढगू गृहपाठ करता करता पेनाचे टोपण वेणीत घालून खाजवायची. केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या यायच्या. आई तिचा हात झटकायची, केस विस्कटतात म्हणून. केस जिथून उगवतात तिथे काय चालले आहे, हे बघायला वेण्या सोडून बसावे लागते, आणि तेवढी सवड त्या घरात कुणालाच नव्हती.

ढगू मोठी झाली, वरच्या वर्गात गेली. आता ती आरशासमोर एकटी जास्त वेळ उभी राहू लागली. कानाच्या वर, कपाळाच्या दोन्ही कडांना केस विरळ झाले होते. ती मागची बट पुढे ओढून तिथे पसरायची. मग रुमाल बांधू लागली. एके दिवशी आईच्या ते लक्षात आले. तिने रुमाल काढला, कडेवरून बोट फिरवले आणि उसासा टाकला.

"बापावर गेलीस गं," ती म्हणाली. "त्याला काय इलाज?"

ढगूचे बाबा पलीकडच्या खोलीत बूट काढत बसले होते. त्यांनी ते ऐकले. सगळे जेवायला बसल्यावर ते उठून बोळात आले, आरशासमोर उभे राहिले आणि आपल्या डोक्यावरून पुढून मागे हात फिरवत राहिले. त्यानंतर त्या देणगीचा विनोद त्यांनी कधी केला नाही. एकदा ढगू रुमाल बांधत होती, तेव्हा ते मागे येऊन थांबले. "माझ्याकडून तुला चांगलं काही द्यायचं राहूनच गेलं," असे काहीतरी ते पुटपुटले आणि ती वळायच्या आत जिना उतरून गेले.

मित्रांनो, कंगव्याला दात असतात, पण जीभ नसते. तसे नाही, असे मला ओरडून सांगायचे होते. मी त्या केसांतून किती वर्षे फिरलो होतो. ती मुळे किती घट्ट होती, हे मला माहीत होते.

ते सांगायला आत्याच यावी लागली. बऱ्याच वर्षांनी ती चार दिवसांसाठी राहायला आली. दारातच ढगूला जवळ घेताना तिचा हात डोक्यावरून फिरला आणि तिथेच थांबला. चहा झाल्यावर तिने ढगूला बोळात नेले, स्टुलावर बसवले आणि वेण्या सोडायला घेतल्या. वेणी सैल होऊ लागली तशी ढगू रडू लागली. ताणलेले केस मोकळे होताना डोके इतके ठणकते, हे आईला माहीतच नव्हते. ती दारात उभी होती, हातात ओला टॉवेल तसाच.

"अगं, सोडताना का रडतेस?" तिने विचारले.

"सोडतानाच दुखतं, आई. बांधल्यावर काही कळत नाही," ढगू म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी आत्या, आई आणि ढगू त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. तिथे काय झाले ते मी त्या परत आल्यावरच्या बोलण्यातून ऐकले. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून डोके तपासले होते आणि वेण्या कोण घालते, असे विचारले होते. हे वडिलांच्या टकलासारखे मुळीच नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. केस वर्षानुवर्षे ओढले गेले, म्हणून मुळे दुखावली होती. कोंड्यासाठी त्यांनी औषधी शाम्पू दिला, मुळाशी तेल लावायचे तूर्त बंद केले, ओले केस बांधू नका आणि ताण पडेल असे काहीच करू नका, असे बजावले. जिथे बारीक लव आहे तिथे केस येतील. पण डाव्या कडेला त्वचा गुळगुळीत झाली होती. तिथली आशा त्यांनी दिली नाही. थोडे आधी आणले असते तर, एवढे बोलून त्या थांबल्या होत्या.

आई घरी आली ती सरळ बाबांपुढे जाऊन उभी राहिली. चप्पलही काढली नव्हती.

"तुमचं काही नाही यात," ती म्हणाली. "माझ्या हातांनी झालंय ते."

बाबांना बरे वाटायला हवे होते, पण तसे काही दिसले नाही. त्यांनी तिला खुर्ची पुढे केली आणि पाणी आणायला गेले.

आईला वाटले होते, की आता नणंद बोल लावणार. ती खाली मान घालून म्हणाली, "वन्सं, बोला काय बोलायचं ते."

आत्या तिच्याजवळ बसली. "काय बोलू, वहिनी? मी कंगवा हातात दिला आणि निघून गेले. तुम्हाला शेजारी बसवून एकदा तरी दाखवायला हवं होतं. फोनवर दर वेळी ढगूचा अभ्यास विचारला, डोकं कसं आहे ते कधी विचारलं नाही."

मग तो कंगवा आहे कुठे, असे तिने विचारले. ढगूने खिडकीकडे बोट केले. फुगून बसलेल्या मला आत्याने ओढून काढले, तेव्हा माझे मधले दात चौकटीतच राहिले. तिने मला कोमट पाण्यात साबणाने घासले, सावलीत वाळवले. आई नवा आणायला निघाली होती, पण ढगूने तिला जाऊ दिले नाही.

त्या चार दिवसांत आई सगळे शिकली. इस्त्री शिकताना लावले असेल तितके मन लावून शिकली. पण एक गोष्ट कुणी शिकवून येण्यासारखी नव्हती. आत्या गेल्यावर आईचा हात डोक्याकडे आला की ढगूची मान आपोआप मागे जायची. ती मुद्दाम करत नव्हती. डोळे मिटायचे, खांदे वर यायचे. एकदा, दोनदा असे झाले आणि आईने हात मागे घेतला. पुढे ढगू आपले केस आपणच धुऊ लागली, आपणच मला चालवू लागली. आई टॉवेल घेऊन शेजारी उभी राहायची. शाम्पू संपत आला की आधीच नवा आणून ठेवायची. मला दर आठवड्याला धुऊन पुसायची, इतके हळुवार, की जणू मी मोडेन. जे हात लेकीच्या डोक्यावरून फिरायला हवे होते, ते माझ्यावरून फिरत, आणि मला ते फार अवघड वाटे.

वर्षे गेली. खाज थांबली, डोके स्वच्छ झाले. उजव्या कडेला केस आले, आधी पिसासारखे, मग दाट. डावी कड तशीच राहिली. ढगू आता चष्म्याच्या दुकानात काम करते. केस मोकळे सोडते, रुमाल बांधत नाही, कुणी बघितले तर बघू देते. आईचे केस पांढरे झाले, पण ती अजून इस्त्रीच्या दुकानात जाते.

परवा आई दुकानातून आली आणि बोळात हात धूत असताना तिने ढगूला सांगितले, की एक बाई कपडे न्यायला आली होती, तिच्याबरोबर लहान मुलगी होती, दाट कुरळ्या केसांची. वेण्या इतक्या आवळलेल्या, की पोरीचे डोळे ताणले गेले होते, आणि ती सारखी भांगात बोट घालत होती. आईने इस्त्री बाजूला ठेवली, बाहेर आली आणि त्या बाईशी बोलली. बाईला आधी राग आला. तुम्हाला काय करायचे आहे, असे ती म्हणाली. तेव्हा आईने आपल्या लेकीचे सगळे सांगितले, काही न लपवता.

"मग सोडल्या तिने?" ढगूने विचारले.

"सोडल्या. तिथेच बाकावर बसून. पोर कितीतरी वेळ डोकं धरून बसली होती."

नळ बंद झाला. मग ढगूने स्टूल ओढले, आईकडे पाठ करून बसली आणि मला उचलून खांद्यावरून मागे धरले.

आईने मला घेतले. तिने केस ओले केले, भाग पाडले आणि टोकांपासून सुरुवात केली. मधले दात नसल्यामुळे मला वेळ लागत होता, पण तिलाही घाई नव्हती. ढगूचे खांदे वर आले नाहीत. हळूहळू आम्ही मुळांपर्यंत पोहोचलो. डाव्या कडेपाशी आल्यावर मात्र आईने मला उचलले आणि ती जागा चुकवून पुढे नेले.

"तिथेही फिरव," ढगू म्हणाली. "तिथे आता दुखत नाही."

आईने मला त्या गुळगुळीत कातडीवर टेकवले. तिथे सोडवायला काहीच नव्हते.

मित्रांनो, दुखते तोवर तिथे काही वाचवण्यासारखे असते. म्हणून तुमच्या घरातले लहान मूल विंचरताना कळवळले, तर त्याला सवय लावू नका. आधी हात सैल करा, वेणी सोडा, आणि केसांखाली काय झाले आहे ते उजेडात नीट बघा.